डुकरांसाठी संकष्टी

खरं सांगू सुमनताई, मी एकदा डुकरांची वजनं वाढावीत म्हणून बाप्पाला संकष्ट्या बोलले होते. आमच्या सोसायटीतली मुलं आयटीसाठी परदेशी गेली, आमची केतकी डुकरांच्या वाढीवर संशोधन करायला डेन्मार्कला. दिवाळीला बोलावलं, तर फोनवर म्हणाली, "आई, पिल्लं ठरलेल्या वजनाची झाल्याशिवाय हलता येणार नाही गं."

हे म्हणाले, "म्हणजे तू उपाशी राहायचंस आणि डुकरांनी जाड व्हायचं?"

"अहो, वराहही अवतारच ना?"

चौथ्या संकष्टीला केतकीचा फोन आला. पिल्लं वजनात बसली होती.

"मग चकलीची भाजणी दळून आणू?"

"थांब आई. आता नवीन पिल्लं आलीत."

सुमनताई, आज संकष्टी आहे. चहा घ्या, पण चंद्रोदयापर्यंत तुम्हीही जेवू नका. त्या नव्या पिल्लांसाठी.