टेप घेऊन बांधावर

मास्तरकी करणाऱ्यांनो, एक ध्यानात ठेवा. पोरांच्या हातात टेप देऊन शिवारात जाऊ नका. जवळा बाजारकडच्या आमच्या शाळेत मी नववीला भूगोल शिकवतो. शिवाराचा नकाशा काढायचा म्हणून पोरांना घेऊन बांधावर गेलो, तर वावराचे मालक शामरावआबा आडवे आले.

"सर, काहून मोजून राहिले?"

"नकाशा शिकवून राहिलो, आबा."

"रस्ता आमच्या वावरातून चालला का?"

"न्हाई हो, भूगोलाचा तास हाय."

"व्हय का," म्हणाले अन् गालात हसले.

दुसऱ्याच दिवशी आबांच्या सोयाबीनमध्ये आंब्याची रोपं उभी! रस्त्यात जाणाऱ्या वावरात झाडं असली की मोबदला वाढतो ना. मग शेजाऱ्यांनीबी खड्डे खणले. रस्ता-बिस्ता काही न्हाई अशा मी घरोघर जाऊन शपथा घेतल्या, तेव्हा तर लोकांची खात्रीच पटली.

वैतागून मुख्याध्यापकांकडं गेलो. त्यांनी सगळं ऐकलं, उठून दार लावलं अन् हळूच म्हणाले, "लोकांना खरं सांगितलं न्हाई ते बरंच केलं. माझंबी वावर तिथंच, नाल्याच्या अलीकडं हाय. आंबे लावू का संत्री?"