कागदाले इटाळ नसते

आजच्या सभेच्या अध्यक्ष आणि आपल्या गावच्या सरपंच माननीय पुष्पांजलीताई, वडिलांना न्यायला पुण्याहून आलेले आणि आमच्या आग्रहामुळे व्यासपीठावर अवघडून बसलेले गणेशराव, आजचे सत्कारमूर्ती जानराव भाऊ, वाचनालयाचे सभासद, सतरंजीवर बसलेल्या माता-भगिनी, आत जागा असूनही खिडकीतूनच ऐकणारे तरुण मित्र, आणि किटली घेऊन दारात थांबलेल्या बेबीताई.

बेबीताई, चहा जरा थांबवा. मी उभा राहिलो की चहा थंड होतो, हे सुलतानपुरात कुणाला सांगायला नको.

जानरावांची शाल खांद्यावरून घसरते आहे. गणेशराव, नीट करा. हं. नारळ खाली ठेवा जानराव, मांडीवर कशाला धरलाय? कुणी नेत नाही तो.

मंडळी, मी हायस्कुलात इतिहास शिकवला आणि उरलेल्या वेळात जिल्हाभर भाषणं केली. डोणगावच्या बाजारात ट्रॅक्टरच्या ट्रॉलीवर उभं राहून केली, देऊळगाव राजाला माईक बंद पडला तर नुसत्या घशावर केली. भोंदूंवर बोललो, मुहूर्तांवर बोललो, जातीवर तर इतकं बोललो की काही घरांतून लग्नाच्या पत्रिका येणं बंद झालं. घसा कधी बसला नाही. आज मात्र मघापासून दोनदा पाणी प्यालो. कारण ज्याच्याशी रोज सकाळी भांडून माझा आवाज तयार झाला, तो माणूस उद्या सकाळच्या गाडीनं पुण्याला चालला आहे.

याच खोलीत, त्या खिडकीजवळच्या दोन खुर्च्या तुम्ही पाहिल्या आहेत. वाचनालयात पेपर एकच येतो. तो आला की जानराव मधलं पान काढून घेणार, कारण त्यात राशिभविष्य. पहिलं पान माझ्याकडे.

"मास्तर, तुमच्या राशीले आज वाद टाळा म्हून लेहलं हाये."

"मग तुम्ही घरी जा जानराव, आपोआप टळते."

दिवसाची सुरुवात ही अशी. मग पानांची अदलाबदल. त्यांच्या हातातून माझ्या हातात, माझ्या हातातून त्यांच्या हातात. ही अदलाबदल लक्षात ठेवा, मला तिच्याकडे परत यायचं आहे.

आपलं गाव लोणारच्या शेजारचं. आकाशातून दगड पडून झालेलं तळं बघायला जगभरातून लोक येतात आणि आपण त्यांना देवानं तिथं मारलेल्या दैत्याची गोष्ट सांगतो. करोनाच्या वर्षी जूनमध्ये ते पाणी गुलाबी झालं तेव्हा जानराव म्हणाले, "दैत्याचं रगत वर आलं. लक्षन काई बरोबर नाई." मी म्हणालो, जरा थांबा, पाणी तपासायला गेलं आहे. बऱ्याच दिवसांनी बातमी आली की पाण्यात मीठ वाढलं आणि खारात जगणाऱ्या सूक्ष्म जिवांमुळे तो रंग आला. जानरावांनी बातमी दोनदा वाचली. चष्मा काढला, पुसला आणि म्हणाले, "मंजे दैत्य लई बारीक होता."

हसा, हसा. पण मंडळी, या माणसानं मान्य केलं होतं. आपल्या पद्धतीनं केलं, पण केलं. छापलेल्या अक्षराचा एवढा मान ठेवणारा माणूस मी दुसरा पाहिला नाही. भज्यांचा कागदसुद्धा तेल पुसून, उलटा-सुलटा वाचल्याशिवाय हा माणूस फेकत नाही. मग मला सांगा, इतकं वाचणाऱ्या माणसाच्या बाबतीत माझी एक गोष्ट आयुष्यभर अडून का राहिली?

सांगतो. सत्काराच्या दिवशी सांगावी अशी ती नाही, पण उद्या सांगायला समोर कुणी नसेल.

आम्ही दोघं लहान होतो तेव्हा गावात पेपर फक्त जानरावांच्या वडिलांकडे, पुंजाजी पाटलांकडे यायचा. कापसाचा भाव कळावा म्हणून. पण पुंजाजींना वाचता येत नव्हतं. माझे वडील दयाराम बडनेऱ्याला रेल्वेत खलाशी होते, तिथं रात्रीच्या शाळेत शिकले होते. नोकरी सुटून ते गावी आले, तसं पुंजाजींनी त्यांना बोलावणं धाडलं. ऐकणारा ओट्यावर लोडाला टेकून आणि वाचणारा खाली अंगणात उभा. इतिहासाच्या पुस्तकात हे चित्र मला कधी सापडलं नाही, म्हणून वर्गात मी ते फळ्यावर काढून दाखवायचो.

पहिल्याच दिवशी पेच पडला. पेपर दयारामच्या हातात द्यायचा कसा? आणि वाचून झाल्यावर परत घ्यायचा कसा? पुंजाजींनी आत विचारलं. जानरावांच्या आई रुखमाबाई दाराआडून म्हणाल्या, "द्या हातात. कागदाले इटाळ नसते."

झाला निकाल! कागद हातोहात गेला आणि हातोहात परत आला. वाचून घसा सुकला की पाणी मात्र वरून ओंजळीत. त्या वेळी आमच्या वस्तीनं धम्म स्वीकारला होता, घरातल्या जुन्या तसबिरी गेल्या होत्या, पण ओंजळ तीच होती. मी बापाच्या धोतराला धरून उभा. जानराव ओट्याच्या कडेला पाय सोडून बसलेले. अक्षरं ऐकायची गोडी आम्हा दोघांना एकाच तोंडून लागली. माझ्या बापाच्या.

काय म्हणता, जानराव? मोठ्यानं बोला, लोकांनाही ऐकू द्या.

ते म्हणतात, "तुह्या बापाचा आवाज लई खणखणीत होता बे." मंडळी, आज कित्येक वर्षांनी त्यांनी मला बे म्हटलं. मी मास्तर झाल्यापासून ते बंद होतं.

तर, रुखमाबाई गेल्या, आम्हा दोघांचे वडील गेले, ओटा पाडून स्लॅबचं घर झालं. वाचनालय निघालं आणि आम्ही दोघं सारख्या उंचीच्या खुर्च्यांवर आलो. बेबीताईंच्या हॉटेलात एका बाकावर चहा प्यायला लागलो. मला वाटलं, संपलं. दरवर्षी बुद्धपौर्णिमेला मी जानरावांना घरी खिरीचं आमंत्रण द्यायचो.

"मास्तर, आज पोट बरोबर नाई."

पुढच्या वर्षी? "आज पोटाचं जमून नाई राह्यलं."

आपल्या विदर्भातल्या वैद्यांनी याचा अभ्यास करायला हवा. एका माणसाचं पोट दर वैशाखी पौर्णिमेलाच बिघडतं आणि दुसऱ्या दिवशी हॉटेलात मिरचीभजी खाऊन बरं होतं! हॉटेलातल्या कपाला जात नाही आणि माझ्या घरातल्या कपाला आहे, हा कुठला नियम? तोच साखर-पत्तीचा पुडा, तेच डेअरीचं दूध. फरक फक्त उंबऱ्याचा. आणि ही गोष्ट एकट्या जानरावांची असती तर मी गप्प बसलो असतो. या सभागृहात किती जणांची पोटं अशी नाजूक आहेत? हात वर करू नका. माझ्या घरी न आलेल्यांची तोंडं मला पाठ आहेत.

गणेशराव, मान खाली घालू नका, तुमच्याबद्दल बोलत नाही. तुम्ही तर लहानपणी मागच्या दारानं यायचा आणि दोन वाट्या खीर खाऊन जायचा. मला वाटायचं, तुम्ही घरी सांगत नसाल. दुसऱ्या दिवशी पेपर उघडता उघडता जानराव मला म्हणायचे, "यंदा खिरीत वेलची जास्त झाली म्हंते पोरगं."

कळलं का, मंडळी? सारं माहीत होतं या माणसाला. मुलाला अडवलं नाही. स्वतः आले नाहीत.

मग करोना आला. वाचनालयाला कुलूप, पेपर बंद. जानराव रोज सकाळी माझ्या अंगणाच्या फाटकापाशी यायला लागले. मी दारात, ते कडुनिंबाखाली, मधे अंतर. किराणाच्या पुड्यांचे कागद सोडवून मी मोठ्यानं वाचायचो, जुन्या बातम्या, फाटलेल्या, शेवट नसलेल्या. माझा बाप वाचायचा तसा. फरक इतकाच की आता मी ओट्यावर होतो आणि पाटील अंगणात. माझी बायको महामाया त्यांच्यासाठी झाडाखाली खुर्ची आणि पाण्याचा तांब्या ठेवायची. ते गेले की तोच भरलेला तांब्या झाडाच्या बुंध्याशी ओतायची. तो कडुनिंब त्या साली चांगलाच फोफावला.

एकदा मी फाटकाकडे बघून म्हणालो, "जानराव, साऱ्या जगाले आता समजलं, दुरून देनं-घेनं काय असते ते. आमाले काई नवीन नाई." ते हसले नाहीत. पुढं पेपर सुरू झाला तर ते त्याच्यावर घरून इस्त्री फिरवून आणायचे! विषाणू मरतो म्हणे. मी म्हणालो, "तुमच्या आईच्या राज्यात कागदाले इटाळ नव्हता, तुमच्या राज्यात तोबी लागला." विषाणूचं अंतर विज्ञानानं सांगितलं आणि साथ सरली तसं ते गेलंही. हे दुसरं अंतर कुणी सांगितलं, कुठे छापलं, कुठल्या प्रयोगशाळेत तपासलं? त्याची साथ कधी सरायची?

महामाया म्हणायची, "तुमची दोस्ती निस्ती कागदावरची हाये." मला राग यायचा. ती चुकीचं बोलत नव्हती, म्हणून जास्त यायचा.

दोन वर्षांपूर्वी ती गेली. पुण्यानुमोदनाच्या दिवशी जानराव सकाळी सगळ्यांच्या आधी आले आणि सगळ्यांच्या नंतर गेले. खुर्च्या लावल्या, लोकांना पाणी दिलं. स्वतः जेवले नाहीत. संध्याकाळी मांडव रिकामा झाल्यावर मी पहिल्यांदा सरळ विचारलं, "काऊन नाई जेवले, जानराव?"

त्यांनी हातातली खुर्ची घडी करून भिंतीला लावली. मग म्हणाले, "मले मनात काई नाई रे. सारं पटते. पन तुह्या घरचा घास उचलाले गेलो का माय समोर उभी राह्यते, अन् हात उठत नाई. माह्या हातात हाये का ते?"

मी म्हणालो, "तुमच्याच हातात हाये जानराव."

त्यावर आम्ही पुन्हा कधी बोललो नाही. दुसऱ्या दिवशी पेपर आला, त्यांनी मधलं पान घेतलं, मी पहिलं.

मंडळी, आयुष्यभर मी ओरडून सांगितलं की वाचा, वाचा म्हणजे डोक्यातलं जळमट जाईल. जातं, मी साक्षीदार आहे. जानरावांच्या डोक्यात आज जातीचं एकही जळमट नाही. पण डोक्यापासून हातापर्यंतचा रस्ता किती लांबचा आहे, हे मला कुठल्या पुस्तकानं सांगितलं नाही. या माणसाला मी शत्रू म्हणू शकत नाही, त्यानं माझं सुतक माझ्यापेक्षा जास्त पाळलं. आणि सोडूनही देऊ शकत नाही, कारण तो घास माझ्या बापाच्या ओंजळीपासून बाकी आहे.

उद्यापासून सबंध पेपर माझा. राशिभविष्याचं पानही माझंच. माझ्या राशीला वाद टाळा असं लिहिलं असेल आणि ते पहिल्यांदाच खरं ठरेल. घरी गेलो तर तिथं भिंती आहेत आणि त्या कधी उलटून बोलत नाहीत. इथं आलो तर समोर ती खुर्ची. पोरांनो, तुम्ही मोबाईलवर जग वाचता, चांगलं आहे, पण कुणी तरी येऊन बसा रे तिथं. माझं म्हणणं पटलं नाही तरी चालेल. पटलं नाही तर जास्त बरं.

अध्यक्षांनी घड्याळाकडे पाहिलं, ते मला दिसलं. आवरतो. पुष्पांजलीताई, तुम्ही वेळ दिलात, आपण सगळे आलात, बेबीताईंनी दोनदा किटली गरम करून आणली, सर्वांचे मनापासून आभार. निरोपाच्या सभेत आमंत्रण आणि खरकटं काढू नये, ते मी काढलं. शब्द कडक गेला असेल, कुणाला नको तिथं लागला असेल, तर वयाकडे आणि उद्याच्या रिकाम्या खुर्चीकडे पाहून मला पदरात घ्या. शब्दांबद्दल क्षमा मागतो. मजकुराबद्दल नाही.

आता शेवटचं, फक्त जानरावांना.

माझ्या या पिशवीत प्रवासाची शिदोरी आहे. ज्वारीच्या भाकरी, ठेचा आणि थोडं बेसन. भाकरी मीच थापल्या. महामायेसारख्या जमल्या नाहीत, एक करपली आहे, ती खाली ठेवली आहे. डबा दिला असता तर तुमचं पोट बिघडलं असतं. म्हणून कागदात बांधून दिल्या आहेत, आपल्याच वाचनालयाच्या पेपरात. आणि कागदाचं म्हणाल तर त्याचा निकाल तुमच्या आईनं आधीच देऊन ठेवला आहे.

घ्या. हात पुढं करा. नारळ अजून धरलाच आहे? गणेशकडे द्या.

हं.

तुम्ही खाल्लं का, हे मी विचारणार नाही. जालन्याच्या स्टँडवर गाडी थांबते, तिथं पुडकं सोडा. तुमच्या सवयीप्रमाणं कागद उलटा-सुलटा वाचा आणि त्याच्यावर काय छापलंय ते मला फोन करून सांगा. बांधण्याआधी मी तो नीट वाचून ठेवला आहे, तेव्हा अंदाजानं सांगू नका.

उद्या दुपारी मी इथंच असेन. त्याच खुर्चीवर.