दोरी धरणारा

हाडांच्या दवाखान्यात पायाला प्लास्टर घातलेले एक गृहस्थ माझ्या शेजारी बसले होते. अंगात घोडेस्वारी क्लबचा टी-शर्ट होता. पलीकडच्या बाईंना राहवलं नाही.

“घोड्यावरून पडलात?”

“मी कसला बसतोय! बसली होती मुलगी. चार वर्षांची आहे. एवढ्या लहानांच्या शर्यतीत तट्टूची दोरी धरून आईबापाने पुढे पळायचं असतं.”

“म्हणजे शर्यत तुमचीच की!”

“तेच तर. महिनाभर पोट आत ओढून पळायचा सराव केला.”

“मग पडलात कसे?”

“तिला ओरडून सांगत होतो, ‘समोर बघ, समोर बघ!’ आणि ते सांगायला मी स्वतः मागे वळून पळत होतो. गेलो थेट कुंपणात.”

“अगं बाई! आणि पोर?”

“पोर ताठ बसलेली. तट्टूसुद्धा शहाण्यासारखं थांबलं. वरूनच म्हणाली, ‘बाबा, पडल्यावर रडायचं नसतं. उठायचं आणि तट्टूला सॉरी म्हणायचं.’ त्यांच्या घोडेस्वारीच्या सरांचा नियमच आहे तसा.”

“म्हणालात?”

“म्हणालो की! सगळ्या मैदानादेखत.”

“आता पुढची शर्यत बुडाली म्हणायची.”

“छे हो, रविवारीच आहे. तिने दोरी आजीकडे दिलीय. आजी समोर बघून पळते म्हणे.”