दोन माणसांची चौकशी

...नाही, पण मला सांगा, साधी चौकशी करायचीही सोय राहिली नाही का या जगात? मी फक्त चौकशी करत होतो हो! ऐन हिवाळ्यात त्या डोंगरातल्या स्कीच्या गावात खोली मिळेल का, एवढंच. अकरा वर्षांचा नेम आहे आमचा! थंडी पडली की मी वही घेऊन बसायचो, लोकरी मोजे चार जोड, कानटोप्या दोन, घाटातून वर जाणारी बस किती वाजता, सगळं ओळीने लिहायचो, मग त्या लॉजवाल्या बाईंना फोन, आणि मागून बायको ओरडणार, "अहो, गरम पाणी दिवसभर असतं का ते विचारा!" विचारायचं, लिहायचं, वही मिटायची. जायचं कशाला? या वयात गुडघे मोडून घ्यायला?

तर तुम्हाला सांगतो, ती वारली त्याला आठ महिने झाले. नेम मोडू नये म्हणून यंदा मी एकट्यानेच फोन लावला, तर बाईंनी आवाज ओळखला! "अय्या, चौकशीवाले काका! काकू कुठायत? आज पाण्याचं ओरडल्या नाहीत त्या!" आता माणसाने काय बोलावं? म्हटलं, "आहे... आत आहे." कुठे आत? कपाटात तिचा स्वेटर आहे, तेवढाच!

मी फक्त चौकशी करत होतो! पण बाई सुटल्याच. "स्कीच्या बुटांची मापं सांगा, दुकानात काढून ठेवायला लावते." मी माझं आठ सांगितलं. तिथे थांबावं की नाही? तर पुढे तोंडातून निघालंच, "आणि हिचं पाच, पण डावा पाय जरा मोठा, त्याला साडेपाच बघा." अकरा वेळा वहीत लिहिलेलं, घडाघडा आलं!

"द्या ना जरा काकूंना फोन!"

...दिला. खरंच दिला! स्वयंपाकघराच्या दारात हात लांब करून उभा राहिलो. आत नळ ठिबकत होता. फोनमधून बाई आपल्या, "हॅलो काकू... हॅलो?" शेवटी म्हणाल्या, "बोलत का नाहीत? रागावल्यात?"

"रागावलीय," म्हटलं. "अकरा वर्षं मी नुसती चौकशीच केली ना!"

"मग आता त्यांना आणायचंच! कोपऱ्यातली खोली पक्की. खाटा जोडून ठेवू की वेगळ्या?"

मी फक्त चौकशी करत होतो हो...

"जोडूनच ठेवा," म्हटलं. "आणि पांघरुणं तीन द्या. दोन तर तीच ओढून घेते."