मामीचा एक प्रश्न

पीएचडीत मले सगळ्यात अवघड प्रश्न कोणी विचारला, माहीत आहे? आमच्या मामीनं!

कोंबडीच्या अंड्याले छोटी खिडकी पाडायची, आतल्या गर्भात चमकणारं जनुक सोडायचं, वरून टेप लावायचा, हे माझं काम. एक दिवस ब्रह्मपुरीत लाइन गेली, उबवणीचं यंत्र थंड पडलं. मी सहा अंडी घेऊन धावतच मामीच्या घरी, अंडी उबवत बसलेल्या खुडूक कोंबडीकडे गेलो.

मामी टेप पाहून म्हणाली, "ही पंक्चर काढलेली अंडी कायची रे?"

मी ऐटीत सांगितलं, "मामी, यातलं पिल्लू हिरवं चमकते!"

मामीनं अंडी परत माझ्याच हातात दिली. "आधीच रानमांजर एक पिल्लू ठेवत नाई. तू आता त्याच्यासाठी लाइट लावून राह्यला का?"