भूकंपात सापडलेली

...न्हाई न्हाई, पंखा बंदच राहू द्या, ताई. कट-कट वाजतो तो, मग मला तुमचं बोलनं ऐकूच येत न्हाई. गरम होऊन राहिलं का? खिडकी उघडते. हां. तर खोली ही अशी हाय — कॉट, टेबल, बाथरूम बाहेर. पानी चोवीस तास न्हाई; लातूरात कुनी चोवीस तास म्हनलं तर ते खोटं बोलून राहिले समजा. क्लास जवळच, पोरी चालत जातात. लोह्याहून आलात म्हनलात न्हाई का? लोह्याच्या, देगलूरच्या, पार इस्लापूरच्या पोरी ऱ्हातात या गल्लीत, सगळ्या डॉक्टर व्हायला आलेल्या. माझे नियम दोनच — कुकर मी लावत न्हाई, शिट्टी सोसत न्हाई मला, वरन-भात पातेल्यात होतो, उशीर लागतो. अन् मला मागनं येऊन कुनी हात लावायचा न्हाई. हसून राहिल्या का तुमी? न्हाई? बरं. मला तोंडावरून कळत न्हाई लवकर, म्हनून विचारून घेते.

काय झालंय मला? विचारा की, सगळेच विचारतात. आदी मी एकच उत्तर द्यायचे — भूकंप. निलंग्याकडचं गाव आमचं. त्र्याण्णव साली गणपती बुडवून सगळे झोपलेले अन् पहाटं गाव खाली बसलं. मी लहान, भिंतीच्या सांदीत सापडले, मिल्ट्रीवाल्यांनी काढलं. रडले बी न्हाई म्हनं. मग काय — लता बोलत न्हाई? भूकंप. पाहुने आले की आत जाऊन बसती? भूकंप. एकच भाजी खाती, वरातीत कान झाकून मटकन खाली बसती? धक्का बसलाय हो पोरीला! लोक लगेच डोक्यावरनं हात फिरवायचे — मला तो हात बी सोसायचा न्हाई, ते सोडा. लग्न बी त्याच्यावरच जमलं. आमचे हे, शिवशंकर मास्तर, क्लासवर फिजिक्स शिकवायचे इथंच. चारचौघात सांगायचे, भूकंपातली पोरगी केली मी, समजून घ्यावं लागतं. लई छाती फुगायची त्यांची. माझी धाकटी बहीन तनुजा, ती ह्यांच्याच भावाला दिली. सख्ख्या बहिनी, सख्ख्या जावा. अव्वा, म्हंजे आमची आई, म्हनायची, एकमेकीला धरून ऱ्हावा गं. धरलं तिनं मला. चांगलं धरलं.

पोरगी? हाय की, एकच. दहावी झाली आता. बाजूची खोली तिची, ती मी भाड्यानं देत न्हाई. ती आठवीत होती तवा मी पडून ऱ्हायला लागले. म्हंजे उठायचं कळायचं, पन उठता यायचं न्हाई. दूध उतू जाताना दिसायचं अन् हात पुढं जायचा न्हाई. वाटायचं, ही पोरगी दुसऱ्या कुनाची असती तर सुखात असती. लई वाईट दिवस, ताई, वैऱ्यावर येऊ नयेत. तर पोरगी काय करायची, शाळेतनं आली की दारातनंच विचारायची, "मम्मी, दुकान चालू का बंद?" मी बंद म्हनलं की एक शब्द बोलायची न्हाई. भात टाकायची अन् माझ्या पाठीला पाठ लावून वाचत बसायची. तिचं अंग लागलेलं चालतं मला, तिचं एकटीचंच. अन् दुकान चालू असलं की मी पुरी आई असायचे, बरं का! क्लासच्या पालक मेळाव्याला गेले मी कानात कापूस घालून. तो माईक, ती गर्दी, तो कालवा — जीव नुस्ता घाबरा झाला. सरांना काय विचारायचं ते घरनं पाठ करून नेलं होतं, विचारलं, अन् मग घरी येऊन ओकले. पन विचारलं की न्हाई? हे आले नव्हते, मी गेलते.

तिनंच लकडा लावला, डॉक्टरला दाखव. नांदेडला दाखवलं, अव्वा होती संगं. डॉक्टर म्हनले, भूकंपाच्या आदी कशी होती पोरगी? अव्वानं पदराचं टोक बोटाला गुंडाळलं. मग म्हनली, चार वर्षाची होईस्तवर बोललीच न्हाई, पराती फिरवत बसायची. मला हे माहीतच न्हाई! डॉक्टर म्हनले, ह्याला ऑटिझम म्हनतात, हे जन्माचं हाय, भूकंपाचा काय संबंध न्हाई. अन् हे पडून ऱ्हानं वेगळं, ते डिप्रेशन, त्याला औषध हाय. काय सांगू ताई, इतकं हलकं वाटलं मला! बाहेर बाकड्यावर बसून अव्वाला विचारलं, मग भूकंप-भूकंप काय लावलं होतंस गं? तर म्हनती, "भूकंप म्हनलं की लोक जवळ घेतात. जन्माचं म्हनलं की पाहुने उठून जातात." अन् रडायला लागली. तिचा राग येतो मला. येतो अन् जातो.

चूक झाली ती तनुजाला सांगितलं. एकटीला सांगितलं, सख्खी बहीन म्हनून. कुनाला बोलू नको म्हनलं. ती हो म्हनली. हो म्हनलं म्हंजे हो, असं मला वाटतं, मी तशीच हाय. आठवडा बी झाला न्हाई अन् हे दारात उभे — फसवलं मला तुमी मायलेकीनं! अहो, मी तीच की! तेच पातेल्यातलं वरन, तेच कान झाकनं, काल भूकंपाचं होतं तर समजून घ्यायचे, आज जन्माचं निघालं तर फसवनूक? बोलता आलं न्हाई मला. असं झालं की माझं तोंडच बंद होतं. हे म्हनले, बघा, अशी बाई पोर सांभाळनार! अन् घेऊन गेले पोरीला नांदेडला. आता नोकरी बी तिकडंच धरली. अन् पोरगी ऱ्हाती कुनाकडं? तनुजाकडं. माझ्या पोरीची वेनी तनुजा घालती. अख्खा मराठवाडा पोरं आनून लातूरात टाकून राहिला, अन् माझी लातूरची पोरगी नांदेडला.

रोज फोन करती ती. अकरावीला इथंच यायचं म्हनती. ह्यांना विचारलं तर म्हनले, जूनमध्ये बघू. मी घर रंगवून घेतलं, म्हनलं येऊन बघतील. अव्वा म्हनली, येडे, बघू म्हंजे न्हाई. असं असतं का ताई? न्हाई तर न्हाई म्हनावं मानसानं. मी आता उठते रोज, भाड्यानं ऱ्हानाऱ्या तीन पोरींचं करते, वाईट दिवस येतो एखादा, न्हाई असं न्हाई. पन एखादाच. तिला माझ्याजवळच...

काय म्हनलात? मृण्मयीला इथं जमेल का? हो, जमेल की, ती तर...

मी पोरीचं नाव घेतलं न्हाई तुमच्यापुढं.

न्हाई, ताई, एकदा बी घेतलं न्हाई. मी परक्या मानसापुढं घेतच न्हाई तिचं नाव. तुमी कसं घेतलं? — कुनी पाठवलं? ह्यांनी का तनुजानं? बोला की. मघापासनं मीच बोलून राहिले येड्यावानी. कुनाशी बोलत न्हाई म्हनतात ना मला? आज बोलले. सगळं बोलले. दुधाचं बी सांगितलं, पडून ऱ्हात होते ते बी सांगितलं. ते तेवढंच सांगनार तुमी तिकडं, न्हाई का?

पोरगी तरी हाय का तुमाला?

हाय? अन् तरी आलात.

उठा. चप्पल तिकडं हाय. जावा.