पडद्यावरचे एकशेदहा

लिफ्टपाशी माझ्यापुढे अतिदक्षता विभागाची सिस्टर आणि मशिनं दुरुस्त करणारा मेकॅनिक उभे होते.

“मॉनिटर ठणठणीत आहे, सिस्टर.”

“मग सकाळभर प्रेशर एकशेदहा दाखवलं आणि दुपारी आजोबा गेले, हे कसं?”

“चादर बदलताना पलंग वर केला होता?”

“हातभर. तसाच राहिला.”

“आणि प्रेशर मोजणारा सेन्सर बाजूच्या स्टँडवर, खालीच राहिला. तो हृदयाच्या पातळीला हवा, नाहीतर आकडा फुगतो. खरं प्रेशर सत्तरच्या घरात असणार.”

“हात गार लागले होते मला त्यांचे.”

“मग?”

“आकडा चांगला होता ना!”

“घरचं कोणी?”

“मुलगी. तीन दिवस बाकावर बसून होती. मीच म्हटलं, आता काळजी नाही, घरी जाऊन आंघोळ करून ये.”

“कळवलंत?”

“नाही. ती याच लिफ्टनं वर येतेय.”